इंदूरचे पाटी बदललेले हॉटेल

इंदूरला आमचे जाणे वरचेवर होते. सौ.चे माहेर तेथले, आणि सियागंजच्या घाऊक बाजारात आप्तांची दुकाने आहेत. घरी पाहुण्यांची गर्दी असली की आम्ही छोटी ग्वालटोलीतील एका साध्या हॉटेलात उतरतो. रेल्वे स्थानकापासून ते पायी जाण्याजोगे आहे आणि सरवटे बसस्थानकही जवळच. तात्यासाहेब सरवट्यांच्या नावाच्या त्या स्थानकाची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली. नाव मात्र तेच राहिले.

आमच्या हॉटेलाचे नेमके उलटे झाले. गेल्या डिसेंबरात मेव्हण्यांच्या कन्येच्या विवाहासाठी पहाटे गाडीतून उतरलो, तर रिक्षा त्याच्या दारावरून पुढे निघून गेली. इमारत तीच होती, पण पाटी नवी, झगझगीत, एका हॉटेल-साखळीची.

हा व्यवहार आता गावोगाव दिसतो. इमारत आणि नोकरवर्ग मूळ मालकाचा. नाव, दरपत्रक आणि नोंदणीची यंत्रणा कंपनीची. उत्पन्नातून कंपनीला ठरलेली टक्केवारी. २०१३ मध्ये सुरू झालेली ओयो याच मार्गाने वाढली. अमेरिकेत १९६२ साली सहा डॉलर भाड्यावर सुरू झालेल्या 'मोटेल ६'ची मालकी घेण्याचा करारही तिने २०२४ मध्ये केला. ताज समूहाच्या 'जिंजर'चे पहिले हॉटेल २००४ मध्ये बंगळुरूला उघडले तेव्हा त्याचे नाव 'इंडिवन' होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. आमचे हॉटेल या दोहोंपैकी कोणाचेच नव्हे.

आत गेल्यावर काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितले, "बाबूजी, सिस्टम में नहीं दिख रहा." चार खोल्या मी ऑक्टोबरात फोनवरून ठरवल्या होत्या आणि आठ हजार रुपये आगाऊ पाठवले होते. लग्नसराईत ऐनवेळी इतर कोठे चार खोल्या मिळणे अशक्यच. तरुणाने आवाज खाली आणून पुढे सुचवले, की जुन्या व्यवस्थापकांनी रक्कम भरलीच नसेल. ते व्यवस्थापक मागेच चादरींचा गठ्ठा घेऊन उभे होते. वीस वर्षे गल्ला सांभाळलेला हा गृहस्थ आता कपडे-पाणी पाहत होता. त्यांनी ते ऐकले. बोलले काहीच नाही.

'सिस्टममध्ये दिसत नाही' हे वाक्य मला परके नाही. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांच्या चार झाल्या, त्यांत आमचीही होती. पुढे खाती नव्या प्रणालीत गेली, तेव्हा एका वृद्ध बाईंच्या आवर्ती ठेवीचा दरमहा हप्ता वळता करण्याची सूचना मागेच राहिली. त्या दोनदा शाखेत आल्या, दोनदा मी त्यांना हेच वाक्य ऐकवले आणि वर 'तुम्हीच विसरला असाल' असेही म्हणालो. तिसऱ्या खेपेस त्या मुलाला आणि जुने पासबुक घेऊन आल्या. चूक दुरुस्त झाली. पण मधल्या काळात त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल, ते मला त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसले होते.

म्हणून मी काउंटरवर वाद घातला नाही. बॅगेत मागच्या मुक्कामाचे बिल होते. तरुणाकडून नव्या बिलाचा नमुना मागितला आणि दोन्ही शेजारी ठेवले. वरचे नाव वेगळे, पण जीएसटी क्रमांकाची पंधराही अक्षरे तीच! पहिले २३ म्हणजे मध्य प्रदेश, पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. व्यापारी वाचकांना अधिक सांगणे नलगे. पाटी कोणाचीही असो, देणेकरी तोच होता.

साडेनऊला मालक आले. बँकेचा उतारा काढला. माझे आठ हजार त्यांच्याच पेढीच्या खात्यात जमा होते. मग जिन्याखालच्या खोलीतून, जुन्या पाटीच्या आडून, आगाऊ रकमांचे रजिस्टर निघाले. व्यवस्थापकांच्या निळ्या शाईतील अक्षरात आमची नोंद होती, तारखेसह. आणि तिच्याखाली आणखी अकरा नोंदी होत्या, अजून न आलेल्या लोकांच्या. नव्या यंत्रणेत खोल्या आणि दर भरले गेले होते, जुनी देणी पुढे ओढलीच नव्हती. माझ्या हाताखालच्या कारकुनाकडून असे घडते तर मी त्या दिवशी त्याला घरी जाऊ दिले नसते.

सौ. पाहुण्यांबरोबर पोहे-जिलबीला गेली. (इंदूरचे वाफेवर गरम ठेवलेले, वर शेव आणि जिरावन पेरलेले पोहे मी चुकवले, हे येथे नमूद करतो.) मी, तो तरुण आणि व्यवस्थापक तिघे बसलो. व्यवस्थापक वाचत, तरुण यंत्रात भरत, मी टिक करत असे. अकरावी नोंद झाली तेव्हा तरुण त्यांना "दादा, माफ करना" म्हणाला. मालक तेथेच होते. मी मुद्दाम कागदांत डोके घातले.

खोल्यांविषयी थोडके सांगतो. चादरी अधिक शुभ्र, दिवे अधिक प्रखर, टॉवेलवर मात्र अजून जुनेच नाव विणलेले. भाडे वाढले, पण साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाल्याने एकूण बोजा तितकासा जाणवला नाही. खरी हानी स्वयंपाकघराची. पूर्वी दुपारी सांगून ठेवले की सूर्यास्तापूर्वी कांदा-लसूण-बटाट्याविना वरण-पोळी ताटात येई. आता तेथे कुलूप आहे आणि जेवण मोबाइलवरून मागवायचे. त्या आचाऱ्याचे काय झाले, ते विचारता कोणीच नीट सांगेना.

तिसऱ्या दिवशी निघताना काउंटरवर खांडव्याचे एक कुटुंब उभे होते, अकरांपैकीच. तरुणाने पडद्यावर पाहिले आणि किल्ली काढून दिली. आमच्या पिशव्या व्यवस्थापकांनी हट्टाने रिक्षापर्यंत आणल्या. मी त्यांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहून घेतला.