भिंतीवरचा कागद चालू आवृत्तीचा आहे ना?

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेले रुग्ण आमच्या भोरच्या लॅबमध्ये पीटी-आयएनआरसाठी नेमाने येतात. या तपासणीत रिएजंटचा लॉट बदलला की त्याचा आयएसआय, म्हणजे रिएजंटच्या संवेदनशीलतेचा आकडा, बदलू शकतो. रुग्णाचं रक्त गोठायला लागलेला वेळ 26 सेकंद आणि आमची नॉर्मल सरासरी 13 धरली, तर आयएसआय 1 असताना आयएनआर 2 येतो, तोच 1.3 असताना जवळपास 2.5. डॉक्टर गोळीचा डोस या आकड्यावर ठरवतात. मशीनशेजारी जुन्या लॉटचा आयएसआय लिहिलेला कागद राहिला, तर नमुना उत्तम आणि तंत्रज्ञ अनुभवी असूनही रिपोर्ट चुकतो. डॉक्युमेंट कंट्रोलचं काम मी घेतलं ते एवढ्यासाठी.

एनएबीएल ज्या आयएसओ 15189 मानकावर मान्यता देते, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे: प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र ओळख, वापरण्याआधी मंजुरी, ठरावीक काळाने फेरतपासणी, कामाच्या जागी चालू प्रत, आणि बाद झालेली एक प्रत ठरवलेल्या मुदतीपर्यंत जपून. सॉफ्टवेअर विकत घ्या, असं त्यात कुठेही नाही. आम्ही एक्सेलवर चालवतो.

मास्टर लिस्टमध्ये दस्तऐवजाचा क्रमांक, नाव, आवृत्ती, लागू तारीख, फेरतपासणीची तारीख, मंजुरी कोणाची आणि प्रती कुठे कुठे, एवढे रकाने. फेरतपासणीची तारीख उलटली की तो चौकोन आपोआप लाल होतो. एक्सेलच्या खोडी मात्र आधी ओळखाव्या लागतात. आवृत्ती 2.10 लिहिली की ते 2.1 करून टाकतं. 1-2 लिहिलं तर त्याची तारीख होते. म्हणून तो रकाना ‘टेक्स्ट’ करूनच ठेवायचा. एकच रकाना निवडून सॉर्ट केला तर एका एसओपीची (कामाच्या लेखी पद्धतीची) तारीख दुसरीच्या नावापुढे जाऊन बसते, आणि हे लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे शीट लॉक असते, बदल एकाच व्यक्तीने करायचा, बाकीच्यांनी फक्त पाहायचं. जुनी ओळ पुसायची नाही. ती ‘बाद’ म्हणून वेगळ्या शीटवर जाते.

खरी कसोटी आमच्या वेल्ह्याच्या कलेक्शन सेंटरवर लागते. पावसाळ्यात तिथे वीज आणि नेटवर्क, दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे कागदी प्रत हवीच. नमुने नसरापूर, कापूरहोळमार्गे भोरला येतात. नवी प्रत नमुने आणणाऱ्या माणसाबरोबरच उलट जाते. जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा नियम मी आता मोडू देत नाही. पीटीसाठी निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंतच भरायची, ही सूचना तिथल्या टेबलासमोरच लावलेली हवी. नळी कमी भरली तर रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण बिघडतं, मग भोरला आम्ही कितीही काळजी घेऊन उपयोग नाही.

एकदा तिथून फोन आला, “मॅडम, भिंतीवर आवृत्ती तीन आहे, फाइलला चार लावलीय. कुठली धरू?” यादी उघडली आणि लगेच सांगता आलं: चार धरा, तीन काढून उद्याच्या नमुन्यांबरोबर पाठवा. फोन करणाऱ्याला विचारावंसं वाटलं, याचा मला फार आनंद झाला.

तालुक्याच्या गावी लॅब चालवणाऱ्यांना एकच विनंती. सॉफ्टवेअर परवडेपर्यंत थांबू नका. आज मशीनशेजारी चिकटवलेले कागद काढा, सध्याच्या लॉटशी ताडून पाहा आणि यादीची पहिली ओळ लिहा.