पाठीची ऊब

जानेवारीतली दिल्लीची सकाळ. कर्तव्यपथावर ४ किलोमीटरची शर्यत. विजय चौकातून इंडिया गेटकडे जाताना वारा पाठीशी होता. मी ऐटीत धावले! परतताना मात्र तोच बोचरा वारा तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी, बोटे बधिर. आता थांबावेच, असे वाटत असताना पुढच्या साठीतल्या गृहस्थांनी हाताने खुणावले, माझ्या मागे या. त्यांच्या आडोशाला वारा खरोखरच कमी लागला.

आणि नागपूरचे दिवस आठवले. थंडीत बाबा मला स्कूटरवरून शाळेत सोडायचे. मी त्यांच्या पाठीला बिलगून बसायची. समोरचा वारा कोण झेलतेय, हे तेव्हा कळलेच नाही.

घरी येताच फोन लावला. "बाबा, तेव्हा थंडी वाजायची का हो?"

ते हसले. "छे! पाठीशी तू होतीस ना!"