मॅटरहॉर्नचा दोर

स्वित्झर्लंडमधील झरमॅट गांवीं उतरतांच आमची दृष्टि मॅटरहॉर्नवर खिळली. ४४७८ मीटर उंचीचा तो उघडाबोडका सुळका पाहून, मनुष्य येथें चढला तरी कसा, असें वाटतें! १४ जुलै १८६५ रोजीं व्हिंपर व त्याचे सहा सोबती प्रथमच माथ्यावर पोंचले. उतरतांना नवख्या हॅडोचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून कोसळले. तो तुटका दोर येथील संग्रहालयांत आम्हीं पाहिला. मजबूत दोर जवळ असतांही नेमक्या त्या जागीं सर्वांत कच्चा दोर बांधला गेला होता. वाचकहो, साहसानें शिखर गांठतां येतें. सुखरूप घरीं परतण्यास मात्र दोराची पारख हवी.