लष्करातली रुई

ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. पारा 45 अंशांवर जातो, दुपारी लष्करात लू सुटते आणि बाड्यावरची माणसं सावली धरून चालतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच उन्हात आम्ही जुना वाडा विकून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. अंगणातून रोज परडीभर फुलं आणणारी आजी पश्चिमेच्या बाल्कनीत नुसती बसून राहायची. तिच्यासाठी मी पिटुनियाच्या सहा कुंड्या आणल्या. आठवड्यात करपल्या. "पाहुण्यांना कशाला उन्हात बसवतेस?" एवढंच ती म्हणाली.

एका सकाळी तिला जुन्या गल्लीत नेलं. वाडा पाडला होता. पण उरलेल्या भिंतीच्या फटीत सदाफुली फुलली होती आणि विटांच्या ढिगाऱ्यात रुई. तिच्या जांभळट फुलांवर मोठा काळा भुंगा घुमत होता. दर शनिवारी आमच्या मारुतीला याच रुईच्या पानांची माळ जायची. सदाफुलीच्या वाळक्या शेंगा आणि रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या आजीने रुमालात बांधून घेतल्या.

आज बाल्कनीत मातीच्या कुंड्यांमध्ये सदाफुली आहे, चिनी गुलाब आहे, तुळस आहे. मातीवर पालापाचोळा पसरतो, पाणी सकाळीच घालतो. ऊन वर आलं की चिनी गुलाब उमलतो आणि मधमाश्या येतात. दुपारनंतर तो मिटतो. सदाफुलीच्या खोल नळीतला मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना मिळतो. तुळशीच्या मंजिऱ्या आजी पूर्वी लगेच खुडायची. आता निम्म्या माश्यांसाठी ठेवते.

रुई खाली कुंपणाच्या भिंतीशी लावली. ती कमरेएवढी झाली आणि पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या. मी औषध फवारायला निघाले, तर आजीने हात धरला. त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या होत्या. रुईचा विषारी चीक त्यांना बाधत नाही. उलट त्यामुळेच पक्षी त्यांना टाळतात. (आपण मात्र पानं तोडल्यावर हात धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत.)

त्या शनिवारी माळेला अकराच पानं निघाली. आजी म्हणाली, "मारुतीला चालतं. बाकीची यांची."