तात्यांचं मेलेलं बोअर

ग्रामसभेत निकामी बोअर बुजवायचा विषय निघाला आणि माझे चुलते तात्या उठून उभे राहिले. "बुजवा म्हणताय, आन् उद्या पाणी आलं तर?"

सभेतल्या अर्ध्या माना हलल्या. बार्शीकडं ही शंका वेडगळ नाही. आमच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आमच्या बार्शीवरून जायची, तेव्हा कोरडी पडलेली बोअरं पुढं चांगल्या पावसात पुन्हा चालली. शेजारी पाझर तलाव झाला, कालवा आला, तरी फरक पडतो. उपसा योजनेतून उजनीचं पाणी येणार हे ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. त्या आशेवर बोअर उघडं ठेवणाऱ्याला मी हसणार नाही.

तात्यांच्या शेतात अशी तीन भोकं आहेत. पाणाड्यानं जागा दाखवली, नारळ फुटला, तमिळनाडूची गाडी आली, फुटाच्या दरानं पैसे गेले आणि वर आला नुसता फुफाटा. मग केसिंग उपसून पुढच्या बोअरला घातलं. खरी चूक मला इथं दिसते. पाईप काढला की साडेसहा इंची तोंड मुरमात उघडं राहतं आणि प्रत्येक पावसाळ्यात त्याची कड ढासळत जाते.

2006 साली कुरुक्षेत्राजवळ बोअरमध्ये पडलेला मुलगा साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिला. 2010मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निकामी बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरावं. हे 'तळापासून'च लोकांना टोचतं. झाकण उद्या काढता येतं, भरलेलं बोअर गेलंच. शिवाय एक हरकत कुणी तोंडानं बोलत नाही. भूजल कायद्याच्या लेखी 60 मीटरच्या खाली गेलेली विहीर 'खोल' ठरते. आमच्याकडं पाचशे फुटांच्या गप्पा पारावर चालतात, कागदावर नाही. बुजवायची यादी केली की खोलीही लिहावी लागणार.

मी तात्यांना एवढंच विचारलं, "ऊसतोडवाल्यांच्या कोप्या कुठं पडतात आपल्यात?" ते गप्प झाले. पिकाखालचा तुकडा कोपीला कोण देतो? देतात तो पडीक कोपरा, आणि पाणी लागलं नाही म्हणून पडीक राहिलेल्या कोपऱ्यातच ही भोकं असतात. घरच्या पोरांना जागा ठाऊक असते. दिवाळीनंतर आलेल्या पोराला कोण सांगणार? मार्च 2023मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत बोअरमध्ये पडून गेलेला पाच वर्षांचा मुलगा ऊसतोड मजुराचाच होता. म्हणजे आशा मालकाची आणि जोखीम दुसऱ्याच्या लेकराची. हा व्यवहार मला पटत नाही.

बऱ्याच घासाघिशीनंतर तात्या दोन बोअर भरायला तयार झाले. ओढ्याकडचं मात्र सोडलं नाही. त्यात पुन्हा केसिंग घालायचं, वर लोखंडी झाकण वेल्डिंग करून बसवायचं आणि भोवती दगड-वाळूचा खड्डा करून पावसाचं पाणी आत जिरवायचं, असं ठरलं. ही तडजोड मला रास्त वाटली. भरायचा मुरूम ग्रामपंचायतीनं द्यायचा की मालकानं, यावर मात्र सभेत रात्री उशिरापर्यंत भांडण चाललं, आणि त्यात तात्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.