सही कशावर केलीत?



माझ्यासारखा माणूस या पानावर आला की तुम्ही खत, बियाणं, नाही तर बोंडअळी यांचीच वाट पाहता. आज त्यातलं काही नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. ती तुमच्याही दारात, उभ्या उभ्या, दर वर्षी होत असते. म्हणून सांगणं भाग आहे.

पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून मला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. गोष्ट २०१५ सालच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची. गावाचं नाव घेत नाही, गावं सगळी सारखीच. त्या सभेला हजर राहण्याचा मला हुकूम होता. सभा दहाची. अकरा वाजले तरी मारुतीच्या पारावर सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, मी आणि दहा-बारा माणसं. विषय मात्र मोठा होता. रोजगार हमीतल्या सिंचन विहिरींसाठी गावातून कोणाकोणाची नावं पाठवायची, ते ठरवायचं होतं.

ग्रामसेवक म्हणाले, "साहेब, लोक सोयाबीन काढणीत आहेत. तुम्ही चहा घ्या, सह्या होऊन जातील."

शिपायानं वही काखेत मारली आणि तो घरोघर निघाला. दिवस मावळेपर्यंत शंभरावर सह्या आणि अंगठे झाले. आधीच तयार असलेली यादी ठरावात उतरली. खाली लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. मीही हजर अधिकारी म्हणून सही केली, मोटारसायकलला किक मारली आणि घरी आलो. जेवलो, झोपलो. काही वाटलं नाही.

जानेवारीत एक बाई कचेरीत आल्या. नवरा वारलेला, दोन एकर कोरडवाहू, पदरात एक मुलगा. सातबारा, आठ-अ, सगळे कागद फडक्यात नीट गुंडाळलेले. म्हणाल्या, "साहेब, बाईमाणूस घर चालवत असेल तर विहिरीला आधी नंबर लागतो म्हणतात. मग माझं नाव का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो आणि वही काढायला लावली. यादीत बाईंचं नाव नव्हतं. पण ठरावाखाली, दुसऱ्या पानावर, त्यांची सही होती. त्यांना वगळणारा ठराव त्यांनीच मंजूर केला होता! विचारलं तर म्हणाल्या, "भाकरी थापत होते. शिपाई दारात आला, म्हणाला इथं सही करा. मला वाटलं रेशनचं काही असंल. पिठाच्या हातानंच केली."

मी जरा समजावणीच्या सुरात म्हणालो, "मावशी, वाचल्याशिवाय सही करू नये."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "माझं चुकलंच. पण साहेब, तुम्ही तर शिकलेले. तुम्ही कशावर सही केलीत?"

मला उत्तर देता आलं नाही. जी सभा भरलीच नव्हती, ती भरली म्हणून मी लिहून दिलं होतं. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात बाईंनी दावणीची म्हैस विकली आणि मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला गेला.

तेव्हापासून मी एक हिशेब मनाशी मांडत आलो आहे. आपला शेतकरी अडाणी आहे का? मुळीच नाही. शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला तर तो मोजणी आणतो, फेरफार काढतो, कोर्टाची पायरी चढतो. सातबाऱ्यावरची एक ओळ चुकली तर त्याला झोप लागत नाही. पण ज्या वहीत अख्ख्या गावाचं पाणी, गटार, दिवे आणि विहिरी लिहिलेल्या असतात, ती वही तो कधी उघडत नाही. घरचा सातबारा तोंडपाठ आणि गावचा कोरा!

दोष एकट्या तुमचा नाही. शाळेत नागरिकशास्त्र होतं ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला. आमचे गुरुजी म्हणायचे, "ते घरी वाचा." मी राहुरीला बी.एस्सी. कृषी झालो. नत्र-स्फुरद-पालाश शिकलो, पण ग्रामसभा हा शब्द कधी कानावर आला नाही. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तिच्याबरोबरच्या अकराव्या अनुसूचीत आहेत. त्यातला पहिलाच विषय आहे शेती आणि कृषी विस्तार, म्हणजे माझंच काम! आणि ते मला कळलं नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर. मग तुम्हाला कोणत्या तोंडानं हसू?

पुढाऱ्यांचं म्हणाल तर तिथंही आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? एका सरपंचानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "साहेब, ग्रामसेवक सही कर म्हणाले तर मला न्हाई म्हणता येतं का?" निवडून येऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या गावात सरपंच बाई, पण खुर्चीत त्यांचे मालक. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जागा मिळाली, पण वही अजून दुसऱ्याच्या हातात.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हाची गंमत. एका गावात शेतकरी माझ्यावर धावून आले, "तुमच्या खात्यानं बंदी घातली!" तिथंच एक पुढारी उठले आणि म्हणाले, "यंदा पंचायत आमच्या हाती द्या, महिन्यात बंदी उठवतो." टाळ्या पडल्या. निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो. पंचायतीला फार तर मागणीचा ठराव करता येतो. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, केंद्राच्याच आदेशानं. पुढाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून बोलला, देव जाणे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं तर तो बोलला नसता, एवढं नक्की.

आपण सगळ्यालाच 'सरकार' म्हणतो, तिथंच फसगत होते. गल्लीचा दिवा आणि गटार ग्रामपंचायतीचं. सातबाऱ्याचं काम महसूल खात्याचं. बाजार समितीचा कायदा राज्याचा. हमीभाव आणि निर्यात केंद्राची. गटारासाठी आमदाराला निवेदन द्यायचं आणि कांद्यासाठी सरपंचाशी भांडायचं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्याचं काम नाही तो आश्वासन देऊन मोकळा, ज्याचं काम आहे तो मजेत.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. ग्रामसभा म्हणजे सरपंचाची सभा नव्हे. गावच्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस तिचा सभासद आहे. वर्षातून निदान चार सभा व्हायलाच हव्यात. सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. तेवढी नसतील तर सभा तहकूब होते, पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट नसते! तुम्ही घरी बसलात म्हणून ठराव अडत नाही, तो मूठभरांच्या हातानं होतो. आणि भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली का, हे विचारा. २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. तेव्हा वही उघडण्यात आता पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आहे.

त्या बाईंचं पुढं काय झालं? २६ जानेवारीच्या सभेला मी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या ठरावावरची माझी सही चुकीची होती. वरिष्ठांना लेखी कळवलं, ठपका घेतला. बाई पहिल्यांदाच सभेत उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण म्हणाल्या, "यादी मोठ्यानं वाचा." एवढंच. यादी वाचली गेली आणि गाव कुजबुजू लागलं. त्यांचं नाव पुढच्या यादीत लागलं. विहीर झाली ती तीन वर्षांनी. पाणी लागलं. मुलगा मात्र शेतीकडे परत आला नाही. त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आता त्या गावात शिपाई वही घेऊन दारात गेला तर बाया विचारतात, "आधी वाचून दाखव." तुमच्या दारात येईल तेव्हा तुम्हीही विचारा. हातातली भाकरी तव्यावर करपली तरी चालेल.