न लिहिलेल्या ग्रंथांचे कपाट

दुसऱ्याच्या घरी गेलो की यजमानांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे मान वाकडी करून पाहत राहण्याची आम्हांला फार जुनी खोड आहे. यजमान चहाचे सांगायला आत वळले की आम्ही उठतो आणि पुस्तकांच्या पाठींवरील नावे वाचू लागतो. न वाचलेली पुस्तके पुष्कळांच्या कपाटात असतात, आमच्याही आहेत. त्याचे नवल नाही. पण मुळात न लिहिलेली पुस्तकेही कपाटात मानाने उभी राहू शकतात, हे आम्हांला शिकविले ते चार्ल्स डिकन्सने.

१८५१ साली डिकन्स लंडनच्या टॅव्हिस्टॉक हाऊस या घरात राहावयास गेला. अभ्यासिकेत पुस्तकांच्या फळ्यांची आरास करायची होती. तेव्हा त्याने एका पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिरास पत्र लिहिले आणि सोबत नावांची एक लांबलचक यादी धाडली. पुस्तके नकोत, नुसत्या पाठी हव्यात! त्या नावांत ‘चीनमध्ये पाच मिनिटे’ हे प्रवासवर्णन होते, आणि तेही तीन खंडांचे. योनाने स्वतः सांगितलेला माशाचा वृत्तान्त होता. इंग्लंडच्या पार्लमेंटातील भाषणांचे अहवाल ‘हॅन्सार्ड’ या नावाने छापले जातात. तेव्हा ‘गाढ झोपेसाठी हॅन्सार्ड मार्गदर्शक’ हाही ग्रंथ होता आणि त्यापुढे कारागिरास सूचना होती की, खंड जमतील तितके करावेत. डिकन्स तरुणपणी पार्लमेंटात वार्ताहर होता. ती भाषणे त्याने कानांनी सोसली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सूचनेतील कळ समजते.

‘चॅन्सरी कोर्टातील एका छोट्या दाव्याचा इतिहास’ हा ग्रंथ एकवीस खंडांचा! त्या कोर्टात दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत. त्यावरच डिकन्सने १८५२–५३ मध्ये ‘ब्लीक हाऊस’ ही प्रचंड कादंबरी लिहिली. म्हणजे जी गोष्ट सांगायला त्याला शेकडो पाने लागली, तीच त्याने एका खोट्या पुस्तकाच्या पाठीवर अर्ध्या ओळीत सांगून टाकली होती. आम्हांला सर्वांत भावलेला संच मात्र ‘आमच्या पूर्वजांचे शहाणपण’ हा. त्याच्या सात खंडांची नावे अशी: अज्ञान, अंधश्रद्धा, शिरच्छेदाचा ठोकळा, जाळण्याचा खांब, छळाचे यंत्र, घाण आणि रोगराई. शेजारीच ‘आमच्या पूर्वजांचे सद्गुण’ हे पुस्तक, पण इतके बारीक की त्याचे नाव पाठीवर आडवे मावेना! पुढे गॅड्स हिलच्या घरीही अभ्यासिकेच्या दारावर अशाच पाठींची रांग होती. १८७० साली त्याच घरी डिकन्सने देह ठेवला.

दारावर पुस्तके कशाला, असे कोणी विचारील. श्रीमंतांच्या ग्रंथालयात चारी भिंतींना फळ्या. मधेच उघडे दार आले की शोभा जाते. म्हणून दारावरच पुस्तकांच्या पाठी चिकटवीत. चॅट्सवर्थ येथील डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने अशा दारासाठी विनोदी कवी टॉमस हूड याजकडून नावे मागविली. हूड म्हणजे कोट्यांचा कारखाना. वाफेवरील ग्रंथ त्याने बॉइल या शास्त्रज्ञाच्या नावे लावला. इंग्रजीत हे नाव आणि ‘उकळणे’ हा शब्द कानाला एकच. जॉन्सनच्या सुप्रसिद्ध डिक्शनरीची त्याने ‘कॉन्ट्राडिक्शनरी’ केली, म्हणजे शब्दकोशाचा विसंगतिकोश.

ही थट्टा फार जुनी आहे. फ्रान्सिस्कन आणि मग बेनेडिक्टाइन मठांत राहिलेल्या राब्लेने १५३२ सालच्या ‘पांताग्रुएल’मध्ये पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठाच्या ग्रंथालयाची एक कल्पित सूची दिली. मठ खरा, ग्रंथालय नावाजलेले. पुस्तके मात्र राब्लेच्या डोक्यातली, आणि पंडितांच्या पोकळ पांडित्याला चिमटे काढणारी. पंडितांना ती मुळीच रुचली नाहीत.

पण थट्टेचा कळस झाला तो १८४० साली बेल्जममध्ये. बॅंश या गावी फोर्सा नावाच्या कोण्या मृत सरदाराचा ग्रंथसंग्रह १० ऑगस्ट रोजी लिलावात निघणार, अशी छापील सूची युरोपभरच्या संग्राहकांना पोहोचली. ग्रंथ अवघे बावन्न, पण प्रत्येकाची जगात एकच प्रत! संग्राहकांची झोप उडाली. कित्येक जण गाडीभाडे खर्चून बॅंशला आले. येऊन पाहतात तो लिलाव नाही, ग्रंथ नाहीत, सरदारही नाही. रेनिये शालों नामक गृहस्थाने हा सारा बनाव रचला होता. पुढे ती सूचीच दुर्मिळ ठरली आणि संग्राहक तिच्यासाठी पैसे मोजू लागले.

याच्या उलटही घडते. पुस्तक खरे असते, त्याचे नाव सर्वतोमुखी असते आणि मूळ प्रत मात्र कोठेच नसते. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. हे महाकाव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते कोणी कोणी हाताने नकलून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्यांवरून १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी वसईकडील आमच्या धर्मग्रामात वाचनालय निघाले. एका दात्याने सागवानी कपाट दिले. ते इतके ऐसपैस की जमलेल्या पुस्तकांनी दोनच फळ्या भरल्या. उद्घाटन सणाच्या दिवशी. तरुण मंडळींनी पुठ्ठ्याच्या पाठी करण्याचे ठरविले आणि नावे सुचविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही डिकन्सला स्मरून लेखणी उचलली. ‘संक्षिप्त प्रवचन कसे करावे: खंड १ ते १४’. ‘भावकीतील बांधाचा किरकोळ वाद: खंड २१, अपूर्ण’. ‘विरार लोकलमधून बसून केलेला प्रवास: एक अद्भुतकथा’. ‘देवळाच्या दाराबाहेर उभे राहून ऐकलेली प्रवचने: पाने कोरी’. आणि शेवटी एक काडीएवढे पुस्तक, ‘नेलेली पुस्तके परत करणाऱ्यांची चरित्रे’.

तरीही वीतभर जागा उरली. आमचे बाबा प्राथमिक शिक्षक होते. आमच्या बोलीचा कोश लिहावयाचा, असे ते तीस वर्षे म्हणत आले होते. घरात तो थट्टेचा विषय झाला होता. आम्ही तीन जाड पाठी केल्या, त्यांवर ‘आमच्या बोलीचा कोश’ असे घातले आणि खाली बाबांचे नाव लिहिले.

सणाच्या दिवशी लोक पोट धरून हसले. फादरांनी चौदा खंडांपाशी थांबून हसत हसत आमच्याकडे बोट रोखले. बाबाही चष्मा लावून एकेक नाव वाचीत आले. हसत होते. कोशापाशी मात्र थांबले. पहिल्या खंडाला बोट लावून त्यांनी तो ओढून पाहिला, तो पुठ्ठाच हाती आला. त्यांनी तो नीट जागेवर बसविला आणि म्हणाले, “जाडी जरा जास्त झाली रे.” आमचे हसू तेथेच विरले.

त्याच आठवड्यात त्यांनी दुकानातून दोन शंभरपानी वह्या आणविल्या. रोज दुपारी लिहीत. रहाटाच्या प्रत्येक भागाचे नाव, केळीच्या बागेतली कामे, चुलीपुढची भांडी, आजारपणात आजी वापरी ते शब्द. रहाट जाऊन विजेचे पंप आले, तेव्हा रहाटाचे शब्दही गेले. ते वहीत उतरले. अर्थाची खात्री नसेल तेथे ते शब्दापुढे रिकामी जागा सोडीत आणि म्हणत, “हे अमक्या मावशीला विचारले पाहिजे.” दुसरी वही निम्मी झाली आणि बाबा गेले.

कपाटात आता खरी पुस्तके आली आहेत. प्रवचने, बांधाचा वाद, लोकलचा प्रवास, सारे पुठ्ठे एकेक करून निघाले. कोशाच्या तीन पाठी तेवढ्या ठेवा, अशी विनंती आम्ही केली आणि ती मान्य झाली. त्यांच्यामागे बाबांच्या दोन वह्या आहेत. फारच बारीक दिसतात.

त्या वह्यांची नक्कल आम्ही हाताने करीत आहोत. एकच प्रत असण्याची भीती वाटते. रिकाम्या जागा मोजल्या, त्रेपन्न भरल्या. ज्यांना विचारायचे म्हणून बाबांनी नावे टाकली होती, त्या मावश्यांपैकी दोघीच हयात आहेत. गेल्या रविवारी मिस्सानंतर एकीकडे जाऊन बसलो. कान मंद झाले आहेत, पण शब्द ऐकताच त्या उजळल्या आणि अर्थ तर सांगितलाच, वर बाबांनी न लिहिलेले आणखी चार शब्द दिले. म्हणजे आता रिकाम्या जागा बावन्न आणि शब्द चार अधिक. पुढच्या रविवारी दुसऱ्या मावशींकडे जावयाचे आहे.